अंगणवाडीतल्या मुलांकडून कागदाचे प्राणी: कान वाकडे येतात, बेडूक उडत नाही, बेंदराला बैल करायचाय

मळ्याकडची_ताई

नमस्कार. मिरज तालुक्यातल्या एका गावची अंगणवाडी आहे. पटावर 26 मुलं, वय साडेतीन ते सहा. हस्तकलेला आठवड्यातून दोनदा 40 मिनिटं मिळतात. मी आणि मदतनीस ताई, एवढ्या दोघीच. आत्तापर्यंत कुत्रा, मांजर आणि बेडूक घेतले. अडचणी अशा आहेत:

कुत्र्याचा पहिला त्रिकोणच नीट जुळत नाही. एक टोक वर राहतं, मग एक कान लांब आणि एक आखूड. निम्म्या मुलांचं हेच होतं.

दुकानातला घोटीव कागद आणला, 15 × 15 चं पाकीट. घडीवर रंग उडून पांढरी रेघ उमटते आणि दोनदा उलटसुलट दुमडला की तिथंच फाटतो.

बेडूक मुलांना अजिबात झेपला नाही. मोठ्यांनी करून दिले तरी बरेचसे जागचे हलत नाहीत.

आता आषाढात बेंदूर, म्हणजे बैलांचा सण आहे. घरी मातीचे बैल होतातच, पण अंगणवाडीत मुलांच्या स्वतःच्या हातचा कागदी बैल व्हावा अशी फार इच्छा आहे. कापाकापी नको, चिकटवाचिकटवी कमीत कमी. कुठल्या वयाला काय द्यावं, कागद कुठला घ्यावा आणि बैलाची सोपी रीत कोणती, जाणकारांनी सविस्तर सांगावं.

घडीकाम_सातारा

ताई, कान वाकडे येतात त्याचं मूळ कानात नाही, पहिल्या घडीत आहे. त्रिकोण अर्धा सेंटिमीटर चुकला की पुढची प्रत्येक घडी ती चूक वाढवत नेते. म्हणून पहिले दोन तास प्राणी घेऊच नका, फक्त त्रिकोण घ्या. कंटाळतील असं वाटेल, पण त्रिकोणाला डोळे काढले तरी चार वर्षांचं मूल खूश असतं.

कागद पाटासारखा सरळ ठेवायचा नाही. एक टोक पोटाकडं आणि एक टोक समोर, असा पतंगासारखा ठेवायचा. पोटाकडचं टोक उचलून समोरच्या टोकावर न्यायचं. मग डाव्या हाताचं बोट त्या जुळलेल्या टोकांवर घट्ट ठेवायचं, आणि घडी पुरी होईपर्यंत ते उचलायचं नाही. उजव्या हाताचं बोट टोकापासून सरळ खाली पोटाकडं आणायचं. खाली कागदाला वळण पडतं, ते तिथं मधोमध दाबायचं. मग तिथून उजवीकडं कडेपर्यंत जायचं, परत मध्यावर यायचं आणि डावीकडं जायचं. बहुतेक मुलं एका कडेकडून दुसऱ्या कडेकडं एकाच दिशेनं हात फिरवतात. त्यात वरचा पदर सरकतो आणि तुम्ही म्हणता तसं टोक वर राहतं. मधून बाहेर दाबलं की सरकायला जागाच उरत नाही. तालावर म्हणून घ्या: "टोक धरा, खाली या, इकडं जा, तिकडं जा." डावखुऱ्या मुलांना हातांची अदलाबदल करू द्या, बाकी सगळं तेच.

समोरासमोरच्या दोन टोकांना पेन्सिलीनं ठिपका द्या. "टोकावर टोक" म्हटल्यावर चार टोकांतलं कुठलं ते मुलाला कळत नाही. "ठिपक्यावर ठिपका" म्हटलं की कळतं. ठिपके दोनच ठेवा, चार दिले की पुन्हा गोंधळ होतो.

बैठक महत्त्वाची आहे. सतरंजीवर बसून मांडीवर घडी घातली तर ती बसतच नाही. प्रत्येकाच्या पुढ्यात पाटी द्या. दगडी असो वा पत्र्याची, दोन्ही चालतात. पाटी नसेल तर जुन्या वहीचा पुठ्ठा.

आता कान. त्रिकोणाची लांब कड वर आणि टोक खाली ठेवा. मध्यरेषा हवी असते, पण पूर्ण घडी पाडू नका, ती कुत्र्याच्या तोंडावर उभी रेघ होऊन राहते. त्रिकोण अर्धा दुमडून लांब कडेच्या मध्यावर फक्त चिमटा काढा, नखाएवढा. 15 सेंटिमीटरच्या चौरसात ही लांब कड 21 सेंटिमीटर येते. चिमट्यापासून दोन्ही बाजूंना 3-3 सेंटिमीटर सोडून कान तिरके खाली घ्या. मुलांना सांगताना "दोन बोटं सोडा" म्हणायचं, त्यांची बोटं बारीक असली तरी दोन्हीकडं सारखंच सुटतं. शेवटी खालचं टोक 2 सेंटिमीटर मागं वळवा, नाक झालं.

मांजराला हेच उलट: लांब कड खाली आणि टोक वर. आधी वरचं टोक 3 सेंटिमीटर पुढं पाडा, मग दोन्ही बाजूंची टोकं वर उभी करा आणि कागद पालटा. कुत्रा आणि मांजर एकाच दिवशी घेऊ नका. दोन्हींचा त्रिकोण एकच असल्यामुळं मुलं मध्येच दिशा बदलतात.

दाखवण्याबद्दल. तुम्ही मुलांकडं तोंड करून घडी घातली की डावं-उजवं उलटं दिसतं. मुलांच्या बाजूनं, त्यांच्यासारखंच बसून दाखवा, किंवा कागद फळ्यावर टेकवून त्यांच्याकडं पाठ करून दाखवा. दाखवायचा कागद 40 ते 50 सेंटिमीटरचा घ्या. भेटवस्तू गुंडाळायचा कागद त्याला चांगला, कारण एक बाजू रंगीत आणि एक पांढरी असते, त्यामुळं आत काय गेलं आणि बाहेर काय आलं ते लांबून दिसतं. फक्त तो कागदाचाच बघून घ्या, प्लास्टिकच्या चमकीला घडी धरत नाही.

आणि एक कळकळीचं. मुलाच्या हातातल्या कागदाला आपण हात लावून घडी सुधारायची नाही. आपला वेगळा कागद घेऊन त्याच्या शेजारी बसायचं आणि तीच घडी पुन्हा सावकाश घालायची. एकदा ताईंनी सरळ करून दिलं की पुढच्या घडीला मूल कागद पुढं करून थांबतं. कान थोडे कमी-जास्त असले तरी तो त्या मुलाचा कुत्रा आहे.

छापखाना_सांगली

वरच्या उत्तरात हाताचं सगळं आलं. मी कागदाचं सांगतो, कारण निम्मा दोष तिथंच असतो.

आधी तुमचा चौरस खरंच चौरस आहे का ते बघा. पाकिटातले वरचे, मधले आणि खालचे मिळून पाच-सहा कागद काढा आणि स्वतः नीट हातानं दोन्ही कर्णांवर दुमडून पाहा. टोकं जुळवल्यावर कडा जुळत नसतील तर कागद लांबट कापलेला आहे. जाड थप्पी एकदम कापली की वरचे आणि खालचे कागद थोडे कमी-जास्त येतात. दोन मिलिमीटर लांबट कागदावर तुम्ही-आम्हीसुद्धा नीट त्रिकोण करू शकत नाही, मुलांना काय बोल लावायचा?

घोटीव कागदाला रंगाचा लेप एकाच बाजूला असतो. घडीवर तो लेप तडकतो, तीच तुमची पांढरी रेघ. पहिल्याच फटक्यात बरोबर घडी घालणाऱ्याला तो चालतो. मुलं चुकली की उलटं दुमडतात, आणि ते त्याला सोसत नाही. त्यापेक्षा झेरॉक्सच्या दुकानात मिळणारा रंगीत ए-फोर कागद घ्या, 75 ते 80 जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा. रंग लगद्यातच असतो, त्यामुळं घडीवर पांढरं पडत नाही आणि चार-पाच वेळा उलटसुलट सोसतो. क्रेप ताणला जातो, त्याला घडीच बसत नाही. पतंगी कागद मुलांच्या बोटांना फार पातळ. कार्डशीट दोन पदरांनंतर दुमडत नाही आणि कडेला फुटतं. वर्तमानपत्र मोठ्यांच्या सरावाला ठीक, पण मऊ असतं, शाई हाताला लागते आणि दोन्ही बाजू सारख्या दिसत असल्यानं मुलांचा गोंधळ होतो.

हिशेब असा. ए-फोर म्हणजे 210 × 297 मिलिमीटर. मधोमध कापला की 148 × 210 चे दोन भाग मिळतात, आणि प्रत्येकातून 148 मिलिमीटरचा एक चौरस निघतो. म्हणजे एका कागदात जवळपास 15 सेंटिमीटरचे दोन चौरस, आणि 62 मिलिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या उरतात. त्या टाकू नका, पुढं कामाला येतील. 26 मुलांना प्रत्येकी दोन आणि वर 10 शिल्लक धरले तर 62 चौरस, त्याला 31 कागद लागतात. घरी कात्रीनं कापण्यापेक्षा जवळच्या छापखान्यात कटिंग मशीनवर कापून घ्या आणि थप्पी बोटभर जाडीचीच लावा म्हणून सांगा. 10 सेंटिमीटरचे लहान चौरस गोड दिसतात, पण ते मोठ्यांसाठी. चार वर्षांच्या मुलाला 15 सेंटिमीटर हे कमीत कमी माप.

पावसाळ्याची गोष्ट वेगळी. आषाढात पाटण-महाबळेश्वर पट्ट्यात उघड्यावर ठेवलेला कागद दोन दिवसांत मऊ पडतो. आटपाडी-जतकडं तेवढा त्रास नाही. मिरजेत झड लागली की होतोच. ओलावा धरलेल्या कागदावर घडी पडते पण टिकत नाही, सोडली की उघडते. शिवाय कागदाचे तंतू एका दिशेनं पसरलेले असतात आणि ओल्या हवेत कागद तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो, त्यामुळं बरोबर कापलेला चौरसही किंचित बिघडतो. कापलेले कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या डब्यात ठेवा आणि त्या दिवशी लागतील तेवढेच बाहेर काढा.

तंतूंची दिशा ओळखायला कागद न दुमडता हलकेच वाकवून बघा, आधी उभा, मग आडवा. ज्या बाजूनं सहज वाकतो, वळणाची रेषा ज्या दिशेला असते, तीच तंतूंची दिशा. कुत्र्या-मांजराला हे बघायची गरज नाही. बेडकाला आहे.

खिलार_माणदेश

बैलाबद्दल लिहितो. कापाकापी न करता, एकाच चौरसातून शिंगांसकट बैलाचं तोंड होतं आणि घड्या फक्त नऊ. मूळ घडी जपानची. तिथं 5 मेच्या बालदिनाला मुलं कागदाचं शिरस्त्राण करतात, त्याला काबुतो म्हणतात. त्या शिरस्त्राणाला दोन शिंगं असतात, ती आपल्या कामाची.

कागद 21 सेंटिमीटरचा घ्या, म्हणजे एका ए-फोरमधून एकच चौरस. 15 सेंटिमीटरमध्ये शिंग दीड सेंटिमीटरच बाहेर येतं आणि मुलांच्या बोटांत सापडत नाही. खिलार जातीचा बैल करायचा तर पांढरा कागदच हवा, आणि पांढरा साधा ए-फोर सगळ्यात स्वस्तही पडतो.

त्रिकोण करा, लांब कड वर आणि टोक खाली. ही पहिली घडी. उजवं टोक खालच्या टोकावर आणा, डावंही तसंच आणा. आता टोकावर उभा राहिलेला लहान चौकोन तयार होतो, मधोमध उभी फट. त्या फटीच्या दोन्ही बाजूंचे सुटे पदर खालून उचलून वरच्या टोकाला लावा. इथपर्यंत पाच घड्या झाल्या.

आता शिंगं, आणि गडबड इथंच होते. सुट्या पदराचं टोक वर आहे, ते बाहेरच्या बाजूला वळवायचं. घडी चौकोनाच्या अगदी मध्यबिंदूपासून सुरू झाली पाहिजे आणि तिथून वर, किंचित बाहेर झुकत गेली पाहिजे. टोक चौकोनाच्या वरच्या कडेला काटकोनात बाहेर पडलं की शिंग बरोबर, साधारण 2 सेंटिमीटर बाहेर दिसतं. मुलं काय करतात, मध्यबिंदू सोडून वर कुठंतरी घडी सुरू करतात आणि टोक आडवं पाडतात. मग शिंग चौकोनाच्या आतच राहतं किंवा कानासारखं खाली लोंबतं. म्हणून मध्यबिंदूवर आधी पेन्सिलीचा ठिपका द्या आणि "एक बोट ठिपक्यावर, दुसऱ्या बोटानं शिंग बाहेर" असं सांगा.

शेवटच्या दोन घड्या मागं. खालचं टोक दोन्ही पदरांसकट अडीच सेंटिमीटर मागं वळवलं की रुंद नाकपाड तयार होतं. वरचं टोक 2 सेंटिमीटर मागं वळवलं की माथा सपाट होतो. शिंगांचे पदर त्याच्या खाली थांबतात, त्यामुळं ते या घडीत अडकत नाहीत.

वयाप्रमाणं काम वाटून द्या. पाच ते सहाची मुलं सगळ्या घड्या स्वतः करतील, पण कुत्रा-मांजर हातात बसल्यानंतरच. चार ते पाचच्या मुलांना पहिल्या तीन घड्या घालून तयार चौकोन द्या, पुढचं त्यांचं. त्याहून लहानांनी शिंगं रंगवावीत.

रंगाला मेणखडू वापरा. पाण्याच्या रंगानं कागद मऊ पडतो आणि शिंगं खाली वाकतात. शिंगांना हिंगुळाचा लाल, टोकाला पिवळ्या शेंब्या म्हणजे टोप्या, कपाळावर उरलेल्या पट्टीची झालर लावून बाशिंग. आपल्याकडची मुलं हे सजवणं घरी डोळ्यांनी बघत असतात, त्यांना वेगळं शिकवावं लागत नाही. कुठल्या बैलाच्या शिंगांना कुठला रंग होता ते त्यांनाच विचारा. मागच्या पदरात आईस्क्रीमची काडी चिकटवली की हातात धरून नाचवायचा बैल होतो. 30 सेंटिमीटर लांबीच्या पुठ्ठ्याच्या पट्टीवर दोन तोंडं शेजारी लावली की बैलजोडी होते, आणि दोन मुलांना मिळून एक काम मिळतं.

मळ्याकडची_ताई

तिघांचेही मनापासून आभार. त्रिकोणाची "मधून बाहेर" रीत करून बघितली, फरक लगेच दिसतो. पाकिटातले कागद खरंच लांबट निघाले.

आणखी दोन गोष्टी विचारते. साडेतीन-चारची सात मुलं आहेत. त्यांना नुसतं रंगवायला देणं बरं वाटत नाही, त्यांच्या हातून काही घडी होईल का? आणि बेडूक सोडूनच द्यावा का? मुलं रोज विचारतात.

कृष्णाकाठ_वाई

लहानांसाठी साप घ्या. वर सांगितलेल्या 62 मिलिमीटरच्या उरलेल्या पट्ट्या इथं लागतात. एका पट्टीतून 2 सेंटिमीटर रुंदीच्या तीन पट्ट्या निघतात. दोन पट्ट्या टोकाला 1 सेंटिमीटर चिकटवून लांब करा, साधारण 28 सेंटिमीटरची होते. अशा दोन लांब पट्ट्या घ्या, दोन वेगळ्या रंगांच्या. त्यांची टोकं काटकोनात एकावर एक चिकटवा. हे चिकटवणं आदल्या दिवशी तुम्ही करून ठेवा, गोंद वाळलेला हवा.

मग मुलाचं काम: खालची पट्टी वरच्या पट्टीवरून पलीकडं दुमडायची. आता दुसरी खाली गेली, तिला वर घ्यायची. लाल, हिरवी, लाल, हिरवी. हात प्रत्येक वेळी तेच करतात, रंग पुढचं काय ते सांगतो आणि चुकलं तर दोन घड्या उलगडल्या की दुरुस्त. शेवटी ओढलं की जिन्यासारखा लांबतो, सोडलं की आखडतो. साडेतीन वर्षांचं मूल याला दहा मिनिटं चिकटून बसतं. चूक एकच होते: पट्टी तिरकी दुमडली की साप एका बाजूला वळत जातो. प्रत्येक घडीला कड कडेवर आली का तेवढं बघायचं. डोळे स्केचपेननं काढा. चिकटवायचे प्लास्टिकचे डोळे या वयाला नकोत, सुटले की तोंडात जातात. बेंदरानंतर श्रावणात नागपंचमी आहेच, आणि बत्तीस शिराळा आपल्याच सांगली जिल्ह्यात, त्यामुळं सापाचं मुलांना अप्रूप असतं.

मोठ्या मुलांना बैलानंतर काय, तर देवमासा. कर्णावर घडी पाडून उघडा. एका टोकाच्या दोन्ही बाजूंच्या कडा त्या मध्यरेषेला लावा, पतंग तयार. पतंगाचं बोथट टोक आत दुमडून पदरांच्या कडेपर्यंत आणा. मग पूर्ण पतंग लांबीत अर्धा मिटवा आणि निमुळतं टोक वर वळवा, शेपूट. एकच काळजी घ्यायची: कडा मध्यरेषेला अगदी चिकटवायच्या नाहीत, केसभर फट ठेवायची. फट नसेल तर अर्धा मिटवताना पदर एकमेकांवर चढतात, कागद फुगतो आणि मुलं जोर लावून चुरगळतात. मुलांना "रस्ता मोकळा ठेवा, मुंगी जाईल एवढा" म्हणून सांगा. हाच पतंग पुढं हंसाला, बदकाला लागतो, त्यामुळं दोन-तीन तास त्याच्यावर गेले तरी वाया जात नाहीत.

फ्रोबेल (1782–1852) या जर्मन शिक्षणतज्ज्ञानं बालोद्यानाची कल्पना मांडली तेव्हा मुलांच्या उद्योगांत कागदाच्या घड्याही ठेवल्या होत्या. चौरसाचा त्रिकोण, त्रिकोणाचा लहान त्रिकोण, अर्धा, पाव, हे सगळं हातातून कळावं म्हणून. तुम्ही घडी घालताना "अर्धा झाला", "आता किती टोकं?" एवढं जरी बोललात तरी पुष्कळ.

26 मुलं एकदम बसवू नका. दोन मोठी माणसं असताना एका वेळी आठ मुलं घडीला. बाकीच्यांना एक ताई चित्र, माती, मणी यांत गुंतवेल. 40 मिनिटांत अशा दोन तुकड्या होतात, उरलेली मुलं पुढच्या तासाला. आठ मुलांत कुणाचं टोक सरकलं ते दिसतं. त्याहून जास्त झाली की दिसत नाही.

घडीकाम_सातारा

बेडूक सोडू नका, पण सहाच्या आतल्या मुलांकडून पूर्ण करून घ्यायचा हट्टही नको. वरचा त्रिकोण तुम्ही तयार करून द्या. पाय आणि मागची उडीची घडी मुलांची. उडवायचं कामही त्यांचंच.

कागद झेरॉक्सचा नको. चित्रकलेच्या वहीचा घ्या, 7.5 × 15 सेंटिमीटर. रुंदीच्या बरोबर दुप्पट लांबी हवी. तंतू लांबीच्या दिशेनं आले पाहिजेत. कागद तंतूंच्या दिशेला ताठ असतो, मग मागची आडवी घडी दाबल्यावर जोरानं परत उसळते. छापखानावाल्या दादांनी दिशा ओळखायची खूण दिलीच आहे.

वरच्या अर्ध्या भागात, म्हणजे 7.5 च्या चौकोनात, दोन्ही कर्णांवर घड्या पाडून उघडा. कागद पालटा आणि कर्ण जिथं छेदतात तिथून आडवी घडी पाडा. पुन्हा सुलटा करा. छेदाच्या बिंदूवर बोट टेकवलं की तो खाली खचतो आणि दोन्ही बाजू आपोआप आत येतात. वरून दाबा, त्रिकोण तयार. आडवी घडी पालटून पाडायला विसरलात तर हा बिंदू खचत नाही आणि कागद नुसता भांडतो. छापील आकृत्यांत तुटक रेषा असते ती आपल्याकडं दुमडायची, आणि रेघ-टिंब असते ती मागं दुमडायची. ही खुणांची पद्धत जपानच्या अकिरा योशिझावा (1911–2005) यांनी रूढ केली, आणि आता जगभर तीच चालते. एवढं कळलं की कुठल्याही भाषेतल्या पुस्तकातली आकृती वाचता येते.

इथून पुढं मुलं. त्रिकोणाच्या वरच्या पदराची दोन्ही टोकं शेंड्याकडं वळवायची, जरा बाहेर झुकलेली, हे पुढचे पाय. त्रिकोणाखाली उरलेल्या चौकोनाच्या दोन्ही उभ्या कडा मध्यरेषेला लावायच्या, इथंही केसभर फट. मग खालची कड उचलून त्रिकोणाच्या पायथ्याला लावायची आणि त्याच पदराचा अर्धा भाग परत खाली दुमडायचा. ही नागमोडी घडी म्हणजे बेडकाची ताकद.

तुमचे बेडूक हलत नाहीत ते बहुतेक इथं बिघडतात. बाकी सगळ्या घड्या नखानं दाबायच्या, ही मात्र नाही. नखानं दाबली की ती मेली, उसळत नाही. बोटाच्या मऊ भागानं एकदाच हलकी दाबा. दुसरं कारण म्हणजे आकार. अर्ध्या ए-फोरचा बेडूक दिसतो छान, पण स्वतःच्या वजनानं बसून राहतो. तिसरं, पुढचे पाय अगदी सपाट चिकटलेले असतात. ते थोडे खाली वाकवून नाक वर उचललेलं हवं.

उडवताना बोट पाठीवर नाही, सगळ्यात मागच्या कडेवर. दाबत मागं ओढायचं आणि कडेवरून बोट निसटू द्यायचं. निसटतं तेव्हाच उडी लागते. मुलं दाबून धरून ठेवतात, म्हणून त्यांच्याकडून आधी रिकाम्या पाटीच्या कडेवर बोट निसटवून घ्या, चार-पाच वेळा. आणि उडवायला सतरंजी नको, फरशी किंवा पाटी. फरशीवर खडूनं एक रेघ मारा आणि एक हातभर पुढं दुसरी. सहा वर्षांच्या मुलांसाठी दुसरी रेघ आणखी वीतभर पुढं घ्या. उडून उडून घडी सैल झाली की फेकू नका, नागमोडी घडी उलगडून त्याच रेषांवर पुन्हा घाला.